वायफाय डोंगल उपसलं की लिनक्स का थिजतं: बाजारातल्या डोंगलांचं चिपनिहाय परीक्षण

या परीक्षणात डोंगलाला गुण एकाच गोष्टीचे: चालू लिनक्स मशीनमधून ते सरळ उपसलं तर मशीन शाबूत राहतं का. वेग आणि रेंज ओघात येतील तेवढेच.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दोन-तीन जुनी मशिनं आणि त्यांच्यात मिळून एक डोंगल असतं. एका मशीनवर ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून पहाणी (आपला सातबारा) काढायची, दुसऱ्यावर कोल्हापूरच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा, म्हणजे डोंगल दिवसभर इकडून तिकडं. उद्यमबागेतल्या वर्कशॉपात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनजवळच्या पीसीला नेट फाइल उतरवण्यापुरतंच लागतं. काम झालं की डोंगल खिशात. ‘सेफली रिमूव्ह’ कोण करतो? पेनड्राइव्हचंसुद्धा कोणी करत नाही.

निकाल आधीच सांगतो. स्वस्तात हवं असेल तर मीडियाटेकची एमटी७६०१यू किंवा रालिंकची आरटी५३७०, दोन पैसे जास्त घालायची तयारी असेल तर एमटी७६१२यू. रिअलटेक घ्यायचं तर आधी आपल्या मशीनचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघा आणि मग चिप निवडा. ज्या डोंगलासाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, बाहेरून उतरवून कंपाइल करावा लागतो, ते सतत काढ-घाल करायच्या मशीनला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

आता सविस्तर. खोक्यावर चिपचं नाव बहुधा नसतं आणि काउंटरवर विचारलं तर ‘लिनक्सला चालतंय की ओ’ एवढंच उत्तर मिळतं. खरी ओळख पटते ती डोंगल लावून टर्मिनलात ‘एलएसयूएसबी’ चालवल्यावर. कोलनच्या दोन बाजूंना चार-चार अक्षरांचा जो क्रमांक दिसतो, तो चिपचा किंवा ब्रँडचा असतो. तो क्रमांक आणि ‘लिनक्स’ एवढं शोधलं की चिप कळते.

एआर९२७१, क्रमांक ०सीएफ३:९२७१. अथेरॉसच्या या चिपचा एटीएच९के_एचटीसी ड्रायव्हर २०१० पासून कर्नलात आहे आणि फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्ये चढवायच्या कोडचा, सोर्ससुद्धा खुला आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, १५० एमबीपीएस. उपसलं की लॉगमध्ये ‘यूएसबी लेयर डीइनिशिअलाइज्ड’ ही ओळ येते आणि विषय संपतो. यातही मेमरीच्या चुका निघाल्यात, सीव्हीई-२०२२-१६७९ या नोंद-क्रमांकाची सुरक्षेतली चूक ही त्यातलीच एक. पण निघाल्या तशा दुरुस्तही झाल्या. दुखणं वेगळंच आहे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनची पहिली आवृत्ती या चिपची होती आणि त्या लौकिकावर लोक अजूनही डोळे झाकून ‘७२२’ मागतात. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आहे. नाव तेच, रूप जवळपास तेच. फरक दिसतो तो स्टिकरवर ‘व्हर’पुढच्या आकड्यात. तो आकडा न बघता ७२२ घेणं म्हणजे पैसे एका मालाचे देऊन दुसराच माल घरी आणणं.

आरटी५३७०, क्रमांक १४८एफ:५३७०, ड्रायव्हर आरटी२८००यूएसबी. ब्रँडचं नाव नसलेल्या, छोट्या काळ्या अँटेनाच्या डोंगलात ही सापडते. बऱ्याचदा ते सेट-टॉप बॉक्ससाठी म्हणून विकायला ठेवलेलं असतं. दिसायला गरीब, पण ड्रायव्हर जुना, मुरलेला.

एमटी७६०१यू, क्रमांक १४८एफ:७६०१. ड्रायव्हर २०१५ च्या ४.२ कर्नलपासून. हाही एकाच अँटेनाचा, १५० एमबीपीएसचा, २.४ गिगाहर्ट्झचा माल. हॉटस्पॉट करायला उपयोग नाही. पण उपसण्याच्या परीक्षेत पास. कारण ड्रायव्हरात बघायला मिळतं: चिपला काही विचारलं आणि उत्तरात ‘-१९’ आलं, म्हणजे ‘असं उपकरणच नाही’, तर ड्रायव्हर ताबडतोब ‘काढलं गेलं’ अशी खूण करून ठेवतो आणि पुढचे प्रश्न बंद करतो. इतकी साधी शिस्त सगळ्यांकडे नाही.

एमटी७६१२यू, क्रमांक ०ई८डी:७६१२. ५ गिगाहर्ट्झ आहे, यूएसबी ३ आहे, ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ पासून कर्नलात आहे. गरम होतं आणि स्थानिक दुकानात क्वचित मिळतं, मागवावं लागतं. पण एकदा घेऊन निवांत बसायचं असेल तर हेच.

आता आरटीएल८१८८ईयूएस, क्रमांक ०बीडीए:८१७९, टीपी-लिंकच्या अंगात २३५७:०१०सी. नखाएवढ्या नॅनो डोंगलात, दोन-तीनशे रुपयांच्या मालात हीच फार. हिची लिनक्समधली वाटचाल खडतर आहे. आधी कर्नलाच्या ‘स्टेजिंग’ विभागात, म्हणजे कच्च्या मालाच्या कोठारात, रिअलटेकचाच कोड होता. २०२३ च्या सुमारास तो निघाला आणि आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या कर्नलच्या नीटस ड्रायव्हराने ती चिप पोटात घेतली. म्हणजे तेच डोंगल लिनक्स मिंट २२ वर सुरळीत आणि मिंट २१ च्या मूळ ५.१५ कर्नलवर बेभरवशाचं. त्यात कोणीतरी कधीतरी ‘८१८८ईयू’ नावाचा बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा कंपाइल करणाऱ्या सोयीने) बसवून ठेवलेला असतो, आणि मग नव्या कर्नलवरही जुनंच भूत वावरतं.

ड्युअल बँडवाल्या आरटीएल८८११सीयू आणि आरटीएल८८१२बीयू, क्रमांक ०बीडीए:सी८११ आणि ०बीडीए:बी८१२, यांचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून, म्हणजे २०२३ पासून आत आहे. आरटीएल८८११एयू आणि ८८१२एयूला त्यासाठी २०२५ ची कर्नलं उजाडावी लागली. मशीनमध्ये काय आहे ते ‘यूनेम -आर’ सांगतं: मिंट २१ ला मूळ ५.१५, डेबियन १२ ला ६.१, उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ ला ६.८, डेबियन १३ ला ६.१२. म्हणजे सीयू-बीयू मालाला डेबियन १२ थोडक्यात हुकतं, आणि एयू मालाला डेबियन १३ सुद्धा. मिंट २१ वाल्यांनी अपडेट मॅनेजरात ‘व्ह्यू’मधून ‘लिनक्स कर्नल्स’ उघडून ६.८ बसवलं तर सीयू-बीयू मार्गी लागतात. काही डोंगलं लावल्यावर ०बीडीए:१ए२बी म्हणून, ड्रायव्हरची सीडी असल्यासारखी दिसतात. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज बसवलेलं असलं की ती आपोआप वायफाय होतात.

बाहेरचा ड्रायव्हर उपसण्याच्या वेळीच का मरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. डोंगल चालू असताना कर्नल आणि चिप यांच्यात डेटाच्या मागण्या सतत वाटेत असतात, शिवाय ड्रायव्हरचे टायमर आणि मागं चालणारी कामं असतात. डोंगल निघालं की यूएसबी हबचा कामगार, म्हणजे लावणं-काढणं सांभाळणारं कर्नलमधलं काम, ड्रायव्हरला ‘आवरा’ म्हणतो. ड्रायव्हरने या क्रमाने आवरायचं असतं: नेटवर्क इंटरफेसची नोंद रद्द, वाटेतल्या मागण्या रद्द, टायमर आणि कामं थांबेपर्यंत वाट, आणि सगळ्यात शेवटी मेमरी मोकळी. क्रम चुकला की मोकळ्या झालेल्या मेमरीत एखादं उरलेलं काम हात घालतं. रिअलटेकच्या कोडात ‘अचानक काढलं’ असा एक झेंडा आहे आणि ठिकठिकाणी तो तपासलाही जातो. पण तपासणं आणि वापरणं या दोन क्षणांमध्ये मेमरी गेली तर झेंड्याचा उपयोग काय?

दुसरं कारण कुलपाचं, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कर्नलमधल्या सोयीचं. २०२१ च्या ५.१२ कर्नलमध्ये वायफायच्या गाभ्यातली कुलपांची रचना बदलली. कर्नलमधले ड्रायव्हर त्यासोबत बदलले, बाहेरचे जुने कोड कोणीतरी ‘कंपाइल होतंय ना’ एवढंच बघून पुढं ढकलले. अशा ड्रायव्हरचं डोंगल उपसलं की तो हातातलं कुलूप न सोडता त्याच कुलपाची वाट बघत बसतो. आणि हे कुलूप सगळ्या नेटवर्कचं असतं.

थिजणं एकाच जातीचं नसतं, आणि जात ओळखली की निम्मं काम झालं. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय आणि पडदा गोठलाय: कर्नल पॅनिक. माउस फिरतोय, पण नेटवर्कचं आयकॉन मेलंय, ‘आयपी लिंक’ टाइप केलं तर प्रॉम्प्ट परत येत नाही, शटडाउन अडकतंय: वरचं कुलूप. लॉगमध्ये ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर’ अशी ओळ दर काही सेकंदांनी येत असेल तर भावकीतलंच दुखणं: इंटरफेसला अजून कोणीतरी धरून बसलंय. सगळं चाललंय, पण नंतर लावलेला पेनड्राइव्ह दिसत नाही आणि ‘एलएसयूएसबी’ लटकतं: हबचा कामगार ड्रायव्हरच्या पोटात मेलाय किंवा अडकलाय. कीबोर्ड, माउस दोन्ही गेले, पण लॅनवरून दुसऱ्या मशीनमधून एसएसएचने आत शिरता येतंय आणि लॉगमध्ये ‘एचसी डाइड’ आहे: यूएसबी कंट्रोलरच कोसळलाय. या शेवटच्या प्रकारात रिस्टार्ट न करताही सुटका आहे. ‘एलएसपीसीआय’मधून कंट्रोलरचा पत्ता घ्या, तो एक्सएचसीआय_एचसीडी ड्रायव्हरच्या ‘अनबाइंड’ फाइलीत लिहा, मग ‘बाइंड’मध्ये.

पुरावा गोळा करायची सोपी रीत: कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून काळ्या टर्मिनलात जा, ‘सुडो डीमेसेज -एन ८’ द्या म्हणजे सगळे संदेश पडद्यावर उमटतील, आणि मग डोंगल उपसा. जे उमटेल त्याचा मोबाइलने फोटो काढा. मशीन रिस्टार्ट झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ मागच्या खेपेचा कर्नल लॉग दाखवतं. तो रिकामा येत असेल तर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘जर्नल’ नावाचं फोल्डर करून एकदा रिस्टार्ट करा. वाचायच्या ओळी तीनच. ‘आरआयपी’पुढं चौकटी कंसात मॉड्यूलचं (कर्नलात चढलेल्या ड्रायव्हरचं) नाव असतं, दोषी बहुधा तोच. ‘वर्कक्यू: यूएसबी_हब_डब्ल्यूक्यू’ दिसलं की काम उपसण्याच्या वाटेवरच अडलं हे नक्की. आणि ‘टेंटेड’पुढं ‘ओ’ असेल तर कर्नलात बाहेरचं मॉड्यूल बसलेलं आहे. अशा लॉगवर कर्नलवाले ‘आधी ते काढा’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

अडकलेलं मशीन बटण दाबून मारण्याआधी अल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी दाबा: डिस्कवर लिहून घ्या, फक्त-वाचन करा, रिस्टार्ट करा. उबुंटू-मिंटमध्ये या तीन कळा मुळातच चालू असतात. यूएसबी मेलं असेल तर यूएसबी कीबोर्डवरून हे होणार नाही. जुन्या असेंबल्ड पीसीला मागं जांभळं गोल पीएस/२ पोर्ट असतं. अडगळीतला तसा कीबोर्ड आधीपासून लावून ठेवला तर तो अशा वेळी कामी येतो. चालू मशीनला मात्र तो लावू नका.

उपाय. पहिला आणि खरा: बाहेरचा ड्रायव्हर हाकला. ‘डीकेएमएस स्टेटस’ने नाव-आवृत्ती बघा, ‘डीकेएमएस रिमूव्ह’ला ती देऊन शेवटी ‘--ऑल’ लावा. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात जुन्या ड्रायव्हरसोबत आलेली फाइल राहिलेली असते आणि ती बहुधा कर्नलच्या चांगल्या ड्रायव्हरलाच ब्लॅकलिस्ट करून बसलेली असते. ती काढायला लोक विसरतात आणि मग ‘डोंगलच चालेना’ म्हणून पुन्हा बाहेरचा ड्रायव्हर घालतात. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, रिस्टार्ट, आणि ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये ‘ड्रायव्हर’पुढं कोणाचं नाव येतं ते बघा.

हे शक्य नसेल, कर्नल बदलता येत नसेल, तर उपसण्याआधी क्रमाने चार गोष्टी. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस डिसकनेक्ट’ आणि इंटरफेसचं नाव. उबुंटू-डेबियनमध्ये ते ‘डब्ल्यूएलएक्स’पुढं मॅक पत्त्याची बारा अक्षरं असं असतं. मग ‘आयपी लिंक सेट’ त्याच नावाला ‘डाउन’. दोन सेकंद थांबा. मग ‘मॉडप्रोब -आर’ आणि मॉड्यूलचं नाव. मग डोंगल काढा. मॉड्यूल उतरतं तेव्हा चिप अजून जागेवर असते, वाटेतल्या मागण्या रीतसर पूर्ण होतात. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त तपासलेली वाट हीच असते. दुकानातल्या पोरांकडून या ओळी टाइप होणार नाहीत. एक छोटी स्क्रिप्ट करून डेस्कटॉपवर ‘डोंगल काढा’ असं आयकॉन ठेवा. स्क्रिप्टची मालकी रूटची (ॲडमिनची), परवानगी ७५५, आणि सुडोमध्ये पासवर्डविना मुभा फक्त त्या एका फाइलीला.

लॅपटॉप झाकून, झोपेत असताना डोंगल काढायची सवय असेल तर जागं होताना तोच प्रकार घडतो. सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरात स्क्रिप्ट टाकून ‘प्री’ला मॉड्यूल उतरवा, ‘पोस्ट’ला चढवा.

सगळंच ड्रायव्हरच्या माथी मारू नये. डोंगलाला हात लावताच मशीन थेट बंद पडतं किंवा रिस्टार्ट होतं, लॉगमध्ये एक ओळ नाही, असं असेल तर तो विजेचा मामला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचे पत्रे वाकलेले असतात आणि डोंगल तिरकं ओढलं की ५ व्होल्टची पट्टी बॉडीला टेकते. जुन्या गल्ल्यांतल्या दुकानांत अर्थिंग नावालाच असतं, कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमनला बोलवा. डोंगल मदरबोर्डला थेट जोडलेल्या मागच्या पोर्टात लावा, आणि काढ-घाल करायचीच असेल तर एक मीटरची यूएसबी २ एक्सटेन्शन घ्या: पोर्टची झीज एक्सटेन्शनवर जाते. २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नये. त्या पोर्टाचा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो आणि रेंज घटते.

राउटर त्याच टेबलावर असेल तर डोंगल कशाला, हेही एकदा विचारा. कॅट-५ई केबलचा तुकडा या सगळ्या भानगडीपेक्षा स्वस्त पडतो.

घेताना काउंटरवरच परीक्षा घ्या. लॅपटॉपमध्ये उबुंटूचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह चालवून डोंगल लावा, ‘एलएसयूएसबी’ बघा, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. नुसतं उपसून बघणं फसवं असतं, कारण डोंगल रिकामं असेल तर वाटेत मागण्याच थोड्या असतात आणि वाईट ड्रायव्हरही निभावून जातो. मोठी फाइल उतरत असताना उपसा. वायफायची यादी शोधली जात असताना उपसा. लावल्यावर लगेच, फर्मवेअर चढतंय तोवर उपसा. प्रत्येक वेळी ‘आयपी लिंक’ आणि ‘एलएसयूएसबी’ दोन्ही लगेच उत्तर देतात का बघा, मग पुन्हा लावा. प्रत्येक प्रकार तीनदा झाला आणि तरी मशीन जिवंत असलं तर पैसे द्या. लाइव्ह पेनड्राइव्हचं कर्नल घरच्या मशीनपेक्षा नवं असू शकतं, म्हणून जिथं डोंगल लावायचं आहे त्याच आवृत्तीचा पेनड्राइव्ह न्या. आणि बिलावर ब्रँडसोबत स्टिकरवरची आवृत्ती लिहून घ्या. उद्या दुसरं डोंगल मागवाल तेव्हा त्याच नावाखाली वेगळी चिप आली तर बदलून मागायला तोच एक आधार.